प्रवरेच्या माहेरची वाट

नगर जिल्हा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? जिराईत माळ, बाजरीची कणसे, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे. आणि फार तर प्रवरेच्या कालव्याकाठचा उसाचा हिरवा पट्टा. (सरकारदरबारी २०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. बोलण्यात मात्र जुने नाव पटकन ओठांवर येते, ते या भाषणापुरते चालवून घ्यावे.) हे चित्र काही खोटे नाही. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, असा एक कोपरा आहे की जिथे जुलै महिन्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, डोंगराच्या प्रत्येक घळीतून पांढरे पाणी कोसळत असते आणि माणसे इरले डोक्यावर घेऊन चिखलात भाताची लावणी करीत असतात. जिल्हा तोच, कलेक्टरही तोच. पण आभाळ मात्र निराळे!

हा कोपरा म्हणजे भंडारदऱ्याचे खोरे. तिथे धरणाजवळच्या शेंडी गावातून निघून जलाशयाला पुरता वळसा घालून पुन्हा शेंडीला येणारा एक रस्ता आहे. लांबी साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मोटारीने दामटत गेलात तर दोन-अडीच तासांत संपेल, आणि घरी आल्यावर "काय पाहिले?" म्हणून कोणी विचारले तर "धबधबे पाहिले" एवढेच सांगता येईल. या रस्त्याला सबंध दिवस द्यावा. गाडी थांबवत, उतरत, गावकऱ्यांशी बोलत जावे. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो, तेव्हा थोडा धंद्याचा अभिमान सोडून देऊन सांगतो की पुस्तकातली दहा पाने जे समजावून सांगत नाहीत ते हा रस्ता सांगतो.

मात्र सुरुवात शेंडीपासून करू नका. संगमनेरपासून करा, आणि घड्याळाऐवजी शेतांकडे पाहत चला. संगमनेरच्या आसपास कांदा, बाजरी, डाळिंब. अकोल्याला याल तो प्रवरेच्या काठची बागायत दिसेल. इथेच नदीकाठी अगस्ती ऋषींचे स्थान आहे; अगस्तींनी तप केले, देव प्रसन्न झाले आणि त्यांनी गंगेची एक धार इथे आणली, तीच प्रवरा, अशी कथा या भागात सांगतात. अकोले सोडून राजूरच्या दिशेने गाडी चढू लागली की बाजरी मागे पडते आणि भाताची खाचरे दिसू लागतात. घरांकडेही पाहा. संगमनेरकडची धाब्याची, सपाट माथ्याची जुनी घरे इकडे दिसत नाहीत. छपरे उतरती होतात, आणि जसजसे पुढे जावे तसतशा वळचणी खाली खाली येतात. पाऊस किती पडतो हे मोजायला दरवेळी यंत्र लागते असे नाही. घराचे छप्परही ते सांगते.

आता हे असे का होते? जून महिन्यात अरबी समुद्रावरून बाष्पाने जड झालेली हवा पूर्वेकडे निघते. कोकण ओलांडून ती सह्याद्रीच्या भिंतीवर येऊन धडकते. भिंत आडवी, मागून वाऱ्याचा रेटा; तेव्हा ती वर चढते. किलोमीटरभर वर चढली की हवा साधारण सहा-सात अंशांनी थंड होते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण तुम्ही उचलून पाहिले असेल. आतली वाफ त्या गार झाकणाला लागते आणि तिचे थेंब होऊन टपटप खाली पडतात. सह्याद्री हे असेच झाकण आहे. बरेचसे ओझे तिथेच उतरवून हवा जेव्हा पूर्वेकडे, म्हणजे अकोले-संगमनेरकडे उतरू लागते, तेव्हा ती पुन्हा गरम होते, आणि ढग विरतात. याला आम्ही वर्गात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. दोन ओळींची व्याख्या. मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

पण आकडे ऐका. घाटघर आणि रतनवाडीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नगर शहरात पडतो तो साडेपाचशे-सहाशे. घाटघरपासून अकोले गाव सरळ रेषेत चाळीस किलोमीटरसुद्धा दूर नाही, आणि तेवढ्यात पाऊस कितीतरी पटींनी घटतो. मिलिमीटर हा शब्द शेतकऱ्याला परका वाटतो, म्हणून गुंठ्याचा हिशेब करू. घाटघरच्या एका गुंठ्यावर वर्षभरात सुमारे पाच लाख लिटर पाणी पडते. नगरच्या एका गुंठ्यावर पंचावन्न-साठ हजार लिटर. घाटघरचे पाणी वाहून न जाता जागीच साठले असते, तर पाच मीटर चढले असते; कौलारू घर आढ्यासकट बुडाले असते.

राजूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला रंधा धबधबा आहे. प्रवरा इथे सुमारे १७० फूट खाली एका अरुंद घळीत उडी घेते. कठड्याच्या आत राहूनच पाहा. तिथला खडक शेवाळाने निसरडा असतो आणि घळीतून वर येणारे तुषार पायऱ्याही ओल्या ठेवतात. रंध्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या वरच्या अंगाला धरण आहे, त्यामुळे हा धबधबा केवळ पावसाचा राहिलेला नाही. धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटले की त्याचे खरे रूप दिसते. जूनच्या पहिल्या पावसात धावत येणारे लोक पुष्कळदा निराश होऊन परततात, ते यामुळेच.

आणि धबधबाच का? नदी उतारावरून सावकाश का उतरत नाही? त्याचे उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर बसले. त्यांतला एखादा थर घट्ट, काळा, टणक. त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ, कुठे कुठे लाल मातीसारखा. पाणी ठिसूळ थर लवकर पोखरते, वरचा टणक थर कड्यासारखा लोंबत राहतो, आणि एक दिवस तुटून पडतो. म्हणून आपला डोंगर जिन्यासारखा दिसतो: कडा, मग उताराची पट्टी, पुन्हा कडा. शिक्षकांनी मुलांना शेंडीच्या वाटेवर समोरच्या डोंगराच्या पायऱ्या मोजायला सांगाव्यात. मोजताना मुले भांडतात, आणि भांडताना शिकतात.

शेंडीला पोहोचलात की धरण समोरच आहे. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. ८२ मीटर, म्हणजे २७० फूट उंचीची ही दगडी भिंत तिच्या काळी भारतातली सर्वांत उंच गणली जात होती. उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी केले, म्हणून ती विल्सन डॅम झाली. पाठीमागच्या जलाशयाला इंजिनिअर आर्थर हिल यांचे नाव पडले. साहेबांची नावे लागली. दगड घडवणाऱ्यांची आणि चुना मळणाऱ्यांची कुठे लागत नाहीत. १९६९ साली या भिंतीला तडे गेल्याचे दिसले. मग तिला पाठीमागून भक्कम टेकू देऊन मजबूत करण्यात आले. खालून पाहिलेत तर ते तुम्हाला दिसतील. भिंतीच्या पायथ्याशी एका गोल खडकावरून पाणी छत्रीसारखे पसरते, त्याला लोक अंब्रेला फॉल म्हणतात. तो धबधबा माणसाच्या हातचा आहे बरं का! धरणाचे दार उघडले तर तो आहे, नाही तर कोरडा खडक.

या जलाशयात सुमारे ११ टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचे तर सारा जलाशय एकतीस हजार कोटी लिटरांचा. हे पाणी नदीतून खाली जाते, संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या-उजव्या कालव्यांत वळते, आणि पुढे राहुरी, श्रीरामपूरपर्यंत शेतांना मिळते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० साली सुरू झाला. त्या उसाच्या मुळाशी हेच पाणी होते. श्रीरामपूरच्या शिवारात कडाक्याच्या थंडीत रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या पायावरून जे पाणी जाते, ते या डोंगरावर जुलैत पडलेले असते. हे नाते ज्याच्या मनात आहे त्याला पुढचा रस्ता निराळा दिसेल.

शेंडीहून आता दक्षिणेची बाजू धरा. मुतखेल, कोलटेंभे करीत रस्ता रतनवाडीला जातो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडी. हा सारा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. झाडे ओळखत चला: हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा, आंबा, खाली करवंदीच्या जाळ्या आणि उतारावर कारवी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते; तिच्या काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून घराच्या भिंती करतात. हिरड्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, वेचून वाळवून विकणे ही इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची रोख पैशाची एक वाट आहे. नशीब असेल तर उंच फांद्यांवरून शेकरू दिसेल. तांबूस रंगाची, झुबकेदार शेपटीची ही मोठी खार आपल्या राज्याचा प्राणी आहे. गाडीचे इंजिन बंद केल्याशिवाय ती दिसत नाही.

पावसाळ्यात या टप्प्यावर धबधबे मोजू नका, मोजून संपणार नाहीत. प्रत्येक वळणावर एक, आणि समोरच्या कड्यावर एकाखाली एक तीन. इथे वर धरण नाही, दार नाही, कोणाची आज्ञा नाही. पाऊस थांबला की चार-सहा दिवसांत यांतले निम्मे आटतात.

हे आटणेच नीट पाहण्यासारखे आहे. काळा पाषाण पाणी आत मुरू देत नाही, वरचा मातीचा थर पातळ, उतार तीव्र; मग पाच लाख लिटर पडले काय आणि सहा लाख पडले काय, ते थांबत नाही. खाली धरणात जाते. एप्रिल-मे महिन्यात याच वाड्या-पाड्यांवरच्या बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्यावर, विहिरीवर पायपीट करतात, आणि खाली जलाशयाचे पाणी चमकत असते. डोळ्यांना दिसते, पण उचलून वर आणायचे कसे? धरण बांधताना खोऱ्यातली सपाट जमीन पाण्याखाली गेली ती यांच्याच वाडवडिलांची. कालवे गेले ते खाली. मी हे कोणाचे उणे काढण्यासाठी सांगत नाही. कालव्याखालचा शेतकरीही कष्टाचेच खातो, आणि त्याच्या खालच्या लोकांचीही मागणी आहेच. वाटेतल्या निळवंडे धरणाची गोष्ट पाहा. १९७० साली मंजुरी मिळालेल्या त्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्यातून दुष्काळी गावांकडे पाणी सुटले ते २०२३ साली. एक पिढी वाट पाहून गेली. पण जो पाहुणा धबधब्याखाली भिजून खूश होतो, त्याने त्याच वाडीतल्या घरी थांबून "उन्हाळ्यात पाणी कुठून आणता, मावशी?" एवढे तरी विचारावे. उत्तर ऐकण्यासारखे असते. आणि बाटलीचे पाणी पिऊन झाल्यावर रिकामी बाटली तिच्या झऱ्यात टाकू नये.

रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ आहे. काळ्या दगडाचे, कोरीव, खालपासून शिखरापर्यंत नक्षीने भरलेले. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधली, त्यांतले हे एक, अशी परंपरा आहे. जवळच चौकोनी पुष्करणी आहे. वर रतनगड उभा आहे, आणि त्याच्या उतारावर प्रवरेचा उगम. नदीला अमृतवाहिनी म्हणतात. ती इथून निघते, सुमारे दोनशे किलोमीटर जाते आणि नेवाशाच्या पुढे प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. नेवासे म्हणजे जिथे शके १२१२ मध्ये, सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते ठिकाण. उगमाशी अमृतेश्वर आणि खाली नेवाशाला अमृत वाटणारा मोहिनीराज! आपल्या लोकांनी नदीची दोन टोके कथेने कशी बांधून टाकली आहेत, पाहा.

रतनवाडीच्या पुढे साम्रद. तिथली सांधण दरी आता फार प्रसिद्ध झाली आहे. दोन उंच भिंतींमधली ही प्रचंड भेग. कुठे कुठे दोन्ही हात पसरले तर दोन्ही बाजूंना खडक लागतो. हिवाळ्यात स्थानिक वाटाड्या घेऊन अवश्य उतरा. पावसाळ्यात मात्र आत पाऊल टाकू नका. वर डोंगरावर सर आली तर ती तुम्हाला दिसत नाही, पाणी मात्र येते. आणि भेगेत बाजूला सरायला जागा नसते. गावकरी नको म्हणाले तर ती भीती समजू नका, तो हिशेब आहे.

मग घाटघर. इथे जमीन संपते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तुम्ही ऐकला असेल. घाटघरलाही कोकणकडा आहे, आणि त्याच्यापर्यंत गाडी जाते. कठड्याशी उभे राहिले की पायाखाली कोकण. पावसाळ्यात वारा खालून इतक्या जोराने वर येतो की कड्यावरून पडणारे पाणी पुन्हा वर उडते आणि पडणाऱ्याच्या तोंडावर येते. इथे एक गंमत करावी. हातातल्या भांड्यातले पाणी कड्याकडच्या उतारावर सांडले तर ते शहापूरच्या बाजूने थोड्याच अंतरावरच्या अरबी समुद्रात जाईल. तेच पाणी मागे वळून रतनगडाकडच्या उतारावर सांडले तर प्रवरा, गोदावरी करीत हजारभर किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळेल. अर्थात वाटेत कोणी शेताला घेतले नाही तर. मुलांना जलविभाजक शिकवायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

या कड्याचा उपयोग वीज करण्यासाठीही झाला आहे. घाटघरला वर एक तलाव आणि सुमारे चारशे मीटर खाली, चोंढे गावाकडे, दुसरा. विजेची गरज जास्त असते तेव्हा वरचे पाणी खाली सोडून यंत्रे फिरवतात. रात्री मागणी कमी झाली की जास्तीची वीज वापरून तेच पाणी पुन्हा वर चढवतात. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. वर चढवायला जेवढी वीज लागते त्याहून परत मिळते ती कमीच. पण धान्य जसे सुगीत साठवून उन्हाळ्यात काढतात, तशी ही विजेची कणगी समजा.

घाटघरहून परतताना जलाशयाची उत्तर बाजू धरावी: उडदावणे, पांजरे, मुरशेत. डाव्या अंगाला कळसूबाईची रांग, तिचे शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. उजव्या अंगाला पाणी. या बाजूला भाताची खाचरे रस्त्याला लागून आहेत. बांध कसा घातला आहे, एका खाचरातले पाणी खालच्यात कसे सोडले आहे, पाहा. राहीबाई पोपेरे यांना देशी वाण जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्या याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

ही फेरी वर्षातून दोनदा करण्यासारखी आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात पाण्यासाठी, आणि मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, काजव्यांसाठी. हवेत दमटपणा आला की सादडा, हिरडा, बेहडा या झाडांवर रात्री हजारो काजवे लुकलुकू लागतात. पुष्कळदा सारे झाड एकदम उजळते आणि एकदम विझते. नर मादीला खूण करीत असतो. त्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. काही जातींत मादीला पंखच नसतात, ती जमिनीवर किंवा गवतात असते. मोटारीचा झगझगीत दिवा लागला की तिला खूण दिसत नाही, आणि झाडाखाली गर्दीने तुडवले की ती चिरडते. म्हणून वनखात्याने गाड्यांवर आणि वेळेवर निर्बंध घातले आहेत. ते पाळावेत, आणि पाळले जात आहेत की नाही हे न पाहता पाळावेत.

निघताना काही व्यवहाराच्या गोष्टी. पेट्रोल राजूरलाच भरून घ्या. एस.टी.ने शेंडीपर्यंत येता येते. पुढच्या फेरीसाठी तिथे जीप ठरवावी लागते, भाडे आधी बोलून घ्यावे. धुक्यात मोठे दिवे लावू नका, धुके उलट डोळ्यांवर येते. दरड पडलेली दिसली तर तिच्याखाली गाडी थांबवू नका. जेवण वाडीतल्या घरी सांगितले तर तांदळाची भाकरी आणि पिठले मिळते. पण आल्या आल्या मागू नका, सकाळी जातानाच रतनवाडीला सांगून ठेवा. अंधार पडण्याआधी शेंडी गाठावी. तिथून ज्यांना इगतपुरीची आगगाडी पकडायची आहे त्यांनी बारीवरून घोटीचा रस्ता धरावा, आणि बाकीच्यांनी आल्या वाटेने राजूरला उतरावे.